ओट्यापर्यंत ये

(पत्र थोडं आवरलं आहे. ओळख पटेल असा मजकूर काढून टाकला आहे.)

‘मावशी, माझं वय ३४. सासर अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात, माहेर साक्रीकडे. मालक सुरतला डाइंग मिलमध्ये आहेत, महिन्यातून एकदा येतात. घरी मी, सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा. भाऊबीजेला माहेरी जाताना धुळ्याच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. खूप गर्दी होती. एकदम छातीत धडधडायला लागलं, हातपाय गार पडले, बोटांना मुंग्या आल्या. वाटलं, आता मरते. लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हृदयाची पट्टी (ईसीजी) काढली, ती चांगली निघाली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन आहे. भावाने गाडी करून सासरी आणून सोडलं. तेव्हापासून प्रवास बंद. मग तालुक्याचा बाजार बंद झाला, मग लग्नकार्यं. आता गल्लीतल्या दुकानातही जात नाही, मुलगा जातो. तो शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघतो. रात्री झोप लागत नाही, मेडिकलवाल्याने दिलेली गोळी अर्धी करून घेते. सासूबाई म्हणतात, बाहेरचं लागलं. जाऊबाई म्हणतात, काम नाही म्हणून सुचतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आई वाट बघणार आहे. मावशी, घरात बरं वाटतं आणि घरातच जीव गुदमरतो. काय करू?’

मावशी म्हणालीस, म्हणून मीही ‘तू’च म्हणते.

आधी त्या ‘काही नाही’चं बोलू. पट्टी चांगली आली म्हणजे त्या वेळी हृदयाला धोका दिसला नाही. त्याचा आनंद मान. पण डॉक्टरांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि उरलेलं अर्धं तू पाच-सहा महिने एकटी शोधत बसलीस. धुळ्याच्या स्टँडवर तुला जे झालं, त्याची सगळी लक्षणं पॅनिक अटॅकची वाटतात. तो खरा असतो. तू सोंग केलं नाहीस, तू नाजूक नाहीस आणि तुझं डोकंही फिरलेलं नाही.

शेतावरची मोटर ऑटोवर टाकलेली असते, तुला माहीतच आहे. रात्री-अपरात्री लाइट आली की ती आपोआप सुरू होते. पिकाला पाणी हवंय की नको, विहिरीत पाणी आहे की नाही, हे ती बघत नाही. आपल्या शरीरातही अशीच एक मोटर आहे. समोर साप दिसला तर पळता यावं म्हणून हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, कातडी गार पडते. दिवाळीची गर्दी, उपाशीपोटी प्रवास, हातात पिशव्या आणि गाडी चुकेल ही घाई, एवढ्यात तुझी मोटर सुरू झाली. साप कुठेच नव्हता. मग ती धडधड पाहून तू घाबरलीस आणि त्या घाबरण्याने धडधड आणखी वाढली. बोटांना मुंग्या आल्या त्या श्वासामुळे. फार भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग बोटं आणि ओठ बधिर होतात, डोकं हलकं होतं. हवा कमी पडतेय असं वाटतं, आणि घडत असतं उलटंच.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगायला हवी होती. असा झटका साधारण दहा मिनिटांत सगळ्यात वर जातो आणि मग आपणहून उतरू लागतो. तू काही केलंस तरी उतरतो, नाही केलंस तरी उतरतो. दवाखान्यात पोचलीस तेव्हा बरं वाटायला लागलं होतं ना? पत्रात लिहिलेलं नाहीस, पण बहुतेक बायका हेच सांगतात. त्याचं श्रेय मग रिक्षाला मिळतं, दवाखान्याला मिळतं, घरी आणून सोडणाऱ्या भावाला मिळतं. आणि मन एक चुकीचा हिशोब पक्का करतं, की घरी आले म्हणून वाचले.

पुढचं सगळं या हिशोबाने बिघडवलं. आधी धुळं टाळलंस, बरं वाटलं. मग अमळनेरचा बाजार टाळलास, त्या दिवशी सकाळपासून पोटात पडलेला गोळा ‘जात नाही’ म्हटल्याबरोबर विरघळला. केवढी सुटका! ती सुटका हेच या दुखण्याचं खाद्य आहे. दर वेळी टाळलं की बरं वाटतं, आणि दर वेळी मन नोंद करतं की ती जागा खरंच धोक्याची होती, बरं झालं गेलो नाही. असं करत कुंपण जवळ जवळ येत गेलं. तालुका गेला, गाव गेलं, आता गल्ली गेली. घराने तुला सांभाळलं असं तुला वाटतं. मला विचारशील तर घराने तुझी भीती सांभाळली, चांगली दूध-भाकरी घालून.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. जळगावला दुसऱ्या मजल्यावर मी एकटी राहते. २०२० च्या मार्चअखेरीस सगळं बंद झालं तेव्हा मी गॅलरीतून दोरीने पिशवी खाली सोडायला लागले. दूध, भाजी, औषधं, सगळं त्या पिशवीतून वर यायचं. त्या उन्हाळ्यात जळगावचे आकडे रोज टीव्हीवर दिसायचे, तेव्हा ती दोरी शहाणपणाचीच होती. पण पुढे दुकानं उघडली, लस आली, दुसरा डोस झाला, तरी माझी पिशवी खाली-वर चालूच. आणि गंमत अशी, की त्याच काळात मी फोनवर लोकांना सांगत होते, हळूहळू बाहेर पडायला लागा म्हणून. एक दिवस दूध घालणाऱ्या पोराने खालून हाक मारली, ‘मावशी, जिना पडला का?’ मी हसले. दार लावून आत आले आणि रडले. कारण जिना धड होता. मलाच उतरता येत नव्हतं. माझ्या घरात मला कुणी कोंडलं नव्हतं, म्हणून सुटका करायलाही कुणी येणार नव्हतं.

तुझ्या पत्रातलं बाकी सगळं मी एकदा वाचलं. दप्तराचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. दहा वर्षांचं पोर शाळेतून येतं, घामाने भिजलेलं, खेळायला जायची घाई असलेलं, आणि दारात थांबून आईचा चेहरा तपासतं. आज बरी आहे की नाही. तो तुझा पाय झालाय, दुकानात तोच जातो. आता तो तुझा डॉक्टरही व्हायला लागलाय. तुला दोष द्यायला लिहीत नाही, दोष देऊन कुणाची धडधड कमी झालेली मी पाहिली नाही. पण सुरुवात कुठून करायची असं विचारलंस तर इथून कर. आज त्याला जवळ बसवून साध्या शब्दांत सांग: ‘मला मध्ये मध्ये घाबरल्यासारखं होतं. त्याने माणूस मरत नाही. थोड्या वेळात जातं. मी त्याच्यावर उपाय करतेय. तू बघत बसायची गरज नाही, तू खेळायला जा.’ मुलांना न सांगितलेल्या गोष्टी सांगितलेल्यापेक्षा मोठ्या वाटतात. आणि ‘मी मरतेय’ हा शब्द त्याच्यासमोर काढू नकोस, कितीही वाटलं तरी.

आता पाय उचलायचं बघू.

आमचे वडील सगळं आण्यांत मोजायचे. पाऊस आठ आणे झाला, पीक बारा आणे आलं. तू भीती आण्यांत मोज. धुळ्याच्या स्टँडवर होती ती सोळा आणे. स्वयंपाकघरात असतेस तेव्हा असेल एक-दोन आणे. आता विचार कर, पाच-सहा आणे भीती कुठे वाटेल? माझा अंदाज, घराच्या ओट्यावर. तुमच्याकडे दारापुढे ओटा असेलच, आणि दिवस कलल्यावर गल्लीतल्या बाया आपापल्या ओट्यावर येऊन बसतही असतील. तू आतून त्यांचे आवाज ऐकत असशील.

तर पहिलं काम ओट्यावर बसायचं. निवडायला काहीतरी घेऊन बस, म्हणजे हात मोकळे राहणार नाहीत आणि कुणी ‘काय करी ऱ्हायनी वं?’ विचारलं तर उत्तरही तयार असेल. बसलीस की पहिल्या काही मिनिटांत आणे वाढतील. सहाचे आठ होतील, दहाही होतील. मन सांगेल, ऊठ, आत जा. इथेच सगळी मेख आहे. भीती चढत असताना उठलीस तर तोच जुना हिशोब पुन्हा पक्का होईल. बसून राहा. ती निम्म्यावर येईपर्यंत बसून राहा, मग हवं तर ऊठ. वीस मिनिटं लागतील, कधी अर्धा-पाऊण तास लागेल. दहाचे पाच आणे झाले की आत जाताना तुला नवीन गोष्ट कळलेली असेल: मी गेले नाही, ती गेली.

हेच उद्या, हेच परवा. खाडा करायचा नाही. ओट्यावर दोन-तीन आण्यांच्या वर भीती जाईना झाली की पुढची पायरी. गल्लीच्या टोकापर्यंत, मग दुकान. दुकानात मुलाला सोबत नेऊ नकोस. आधी सासूबाईंना ने, मग त्यांना चार घरं मागे उभं कर, मग एकटी जा. हातात पाण्याची बाटली, मुठीत मोबाइल, चोळीत अर्धी गोळी, असल्या कुबड्या तू घेशीलच. सुरुवातीला घे. पण एकेक करून घरी ठेवायच्या आहेत हे लक्षात असू दे, नाहीतर मन म्हणेल बाटलीमुळे वाचले.

एखाद्या दिवशी दुकानापर्यंत जाऊन आलीस आणि दुसऱ्या दिवशी ओटासुद्धा जड गेला, असं होईल. झोप झाली नाही, पाळी जवळ आली, घरात काही बोलणं झालं, की होतं. तेव्हा एक पायरी खाली उतरायचं. सगळंच सोडून द्यायचं नाही.

वेळेचं बघ. आपल्याकडचं ऊन मी तुला सांगायला नको. चैत्र-वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, दुपारी गावंच दार लावून पडतात. त्या उन्हात पाणी कमी पडलं तर धडधाकट माणसाचीही छाती धडधडते, डोळ्यांपुढे येतं. तुला ते आणि पॅनिक वेगळं काढता येणार नाही. म्हणून सकाळी साडेसहाच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. दिवसभर पाणी, ताक, पन्हं चालू ठेव. चहा किती घेतेस लिहिलं नाहीस. खान्देशातलं घर आहे, म्हणजे आला-गेला की टोप चुलीवर. संध्याकाळी चारनंतरचा चहा बंद कर. झोपेला आणि धडधडीला, दोन्हींना फरक पडेल.

माझी दोरी कशी सुटली ते सांगते, कारण त्यात तुझ्या एकटेपणाचंही काही आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंना गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे होते. त्या अमळनेरकडच्याच. एका पहाटे पाच वाजता त्यांनी दार वाजवलं: ‘बिबडा करना शेतस, ये वं हात लावाले.’ पाच वाजता, झोपेत, नाही म्हणायला सुचलंच नाही. मी खाली उतरण्याऐवजी वर गेले, गच्चीवर. बाहेर पडल्यासारखं वाटलंच नाही. ज्वारीचा घाटा मोठ्या पातेल्यात रटरटत होता, चार बाया खाटेवर ओलं धोतर पसरून बसल्या होत्या. पाण्यात हात बुडवायचा, गोळा ठेवायचा, थापत थापत पातळ करायचा. चटका बसतो म्हणून हात सारखा चालता ठेवावा लागतो. पहिले दोन बिबडे माझ्याने फाटले. एकीने न बोलता माझ्या पुढचा गोळा लहान केला. पोरं वाट्या घेऊन रांगेत उभी होती, गरम घाट्यावर कच्चं तेल आणि चटणी घालून खायला. ऊन वर येईस्तोवर दोन खाटा भरल्या होत्या. माझ्या लक्षात आलं, दोन तास मी स्वतःच्या छातीकडे लक्षच दिलं नव्हतं. आणि कुणी मला ‘बरं शे ना?’ असंही विचारलं नव्हतं.

त्यावरून तुझ्यासाठी एक युक्ती काढते. तू बाहेर जाईपर्यंत माणसांसाठी थांबू नकोस. आधी माणसं आत आण. यंदाचे बिबडे, पापड, कुरडया झाल्या नसतील तर तुझ्याच अंगणात किंवा धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, घाला. शेजारच्या दोघींना सासूबाईंकरवी निरोप दे, सासूबाईंना हे काम आवडेल. आपल्याकडे एकीचे बिबडे झाले की दुसरीकडे परतफेडीला जावंच लागतं. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुझी ओट्यापुढची पायरी आपोआप पडेल, शेजारच्या धाब्यावर, तीही पहाटे. त्या दोघींपैकी जिचा स्वभाव बरा वाटेल तिला एक वाक्य सांग: मला दिवाळीपासून असं असं होतं. सगळी कहाणी नको, एवढंच. मी पैज लावते, ती म्हणेल, माझ्या बहिणीलाही व्हायचं, किंवा मलाच व्हायचं. घरात माणसं असून बोलायला कोणी नाही असं तुला वाटत असेल. खरं असेल. पण त्या माणसांना तू काही सांगितलेलंही दिसत नाही. सुरतेला रोज व्हिडिओ कॉलवर काय म्हणतेस? ‘बरं आहे.’ हो ना?

मालकांशी एकदा नीट बोल. ‘टेन्शन घेऊ नको’ हे ते प्रेमानेच म्हणत असणार, पण आजवर त्या वाक्याने कुणाचं टेन्शन गेलं असेल तर मला येऊन भेटावं. सुरतेत उधना-लिंबायतकडे आपली खान्देशची किती माणसं राहतात, त्यातल्या बहुतेकांच्या बायका गावाकडे हेच ऐकत असतील. त्यांना सांग, दिवसातून चारदा ‘बरं वाटतंय ना?’ विचारू नका. त्या विचारण्याने तुझं लक्ष पुन्हा छातीत जातं. रात्री एकदाच विचारा, ‘आज कुठवर गेलीस? किती आणे?’ तो आकडा एका वहीत लिही. मुलाच्या जुन्या वहीची कोरी पानं चालतील. तारीख, जागा, चढली किती, उतरली किती, वेळ किती लागला. पंधरा दिवसांनी ती पानं उलटून बघ, तोवर नको.

झटका आलाच तर काय करायचं, ते थोडक्यात. श्वास आत ओढायच्या मागे लागू नकोस, सोडायच्या मागे लाग. नाकाने चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. हे रोज सकाळ-संध्याकाळ बरं असतानाही पाच मिनिटं करून ठेव, ऐन वेळी शिकता येत नाही. पिशवीत तोंड घालून श्वास घेणं सिनेमात दाखवतात, ते करू नकोस. पाय जमिनीवर टेकव, समोरच्या भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या असतील तर त्या मोज. छाती मोजू नकोस. मनात एवढंच म्हण, मोटर सुरू झालीय, दहा मिनिटांत उतरायला लागेल. आणि रात्री मोबाइलवर ‘छातीत धडधड’ शोधत बसणं आजपासून बंद. तिथे बरं झालेलं माणूस कधी भेटत नाही.

आता गोळीचं. हा भाग सरळ वाच. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय झोपेची म्हणून दिलेली गोळी बहुतेक वेळा अशी असते की तिची सवय लागते. ती लगेच गुंगी आणते, म्हणून चांगली वाटते. अर्धीची एक आणि एकीच्या दोन व्हायला वेळ लागत नाही. पण रोज घेत असशील तर हे वाचून एकदम थांबवूही नकोस, त्यानेही त्रास होतो. पाकीट डॉक्टरला दाखव आणि त्यांच्या सांगण्याने कमी कर. आणि असल्या दुखण्यावर मानसोपचारतज्ज्ञ जी औषधं देतात ती बहुतेक वेगळी असतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या काही दिवसांत मळमळ होते, जीव जरा जास्तच घाबरतो, म्हणून बाया ती पाचव्या दिवशी फेकून देतात. ती टाकायची नसतात आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करायची नसतात. सगळ्यांना औषध लागतंच असं नाही. तुला लागेल की नाही ते मी ठरवणार नाही, तेच ठरवतील.

तू म्हणशील, मावशी, मी दुकानात जाऊ शकत नाही आणि तुम्ही डॉक्टरकडे पाठवता. बरोबर आहे. म्हणून आधी फोन कर. टेली-मानस ही सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री दोनलाही लागतो, मराठीत बोलतात. घरच्यांसमोर अवघड वाटत असेल तर धाब्यावर जाऊन बोल. त्यांना झटका, झोप, गोळी, सगळं सांग, कुठे जायचं तेही विचार. जायची वेळ येईल तेव्हा धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. मालक पुढच्या खेपेला येतील तेव्हा त्यांना सोबत घे, ही सोबत कुबडी नव्हे. त्याआधी गावातल्या आशाताईंना विचारून प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्त तपासून घे: हिमोग्लोबिन, आणि डॉक्टर म्हणाले तर थायरॉइड आणि बी-१२. अंगात रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलं तरी छाती धडधडते. ते असेल तर आण्यांचा हिशोब करण्याआधी त्यावर इलाज व्हायला हवा.

एक प्रश्न मी मुद्दाम विचारते. ‘जीव गुदमरतो’ असं लिहिलंस. त्याचा अर्थ कधी ‘जगू नये’ असा होतो का? होत असेल, एकदा जरी मनात आलं असेल, तर वर लिहिलेल्या पायऱ्या बाजूला ठेव. त्याच रात्री १४४१६ लाव आणि मालकांना सरळ शब्दांत सांग. सासूबाईंना उठव. ते सांगताना लाजायचं काही नाही.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांनी अंगारा लावला, हातात दोरा बांधला, तो असू दे. त्यांच्या काळात बाईला असं झालं की तेवढंच करता येत होतं, आणि त्या तुझ्यासाठी काहीतरी करताहेत. दोरा हातात आणि डॉक्टरची चिठ्ठी पिशवीत, दोन्ही एकत्र राहू शकतात. फक्त कुठे रात्री-बेरात्री न्यायचं, कोंडायचं, मारायचं-झोडायचं कुणी काढलं तर ठाम नाही म्हण. जाऊबाईंच्या बोलण्यावर मी जागा घालवणार नाही. पाणी भरणं, तिघांचा स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, सासूबाईंचं औषध-पाणी करणाऱ्या बाईला ‘काम नाही’ म्हणणाऱ्यांनी एक दिवस ते करून बघावं.

राहिली आखाजी. आईला आजच फोन करून खरं सांग. येणार नाही असं नको, आणि नक्की येणार असंही नको. ‘मला असं होतंय, मी प्रयत्न करतेय, जमलं तर येईन’ असं. झाडाला झोका बांधलेला आहे, सांजोऱ्या झाल्या आहेत, गावातल्या सगळ्या लेकी आल्या आहेत आणि आपलीच नाही, हे चित्र त्यांना आणि तुला दोघींना छळत असणार. पण आखाजी म्हणजे परीक्षेची तारीख करू नकोस. तोवर दुकानापर्यंत पोचलीस तरी मला पुष्कळ वाटेल. जमलंच नाही तर भावाला वहिनी-मुलांसकट तुझ्याकडे बोलाव, लेकीने माहेरी जायचं तसं माहेरानेही एखादं वर्ष लेकीकडे यावं. श्रावणात कानबाईचा सण आहे, तेव्हा भाऊबंद जमतात, तेव्हाचं बघू. एस्टीचीही पायरी अशीच करायची. आधी नुसतं स्टँडवर जाऊन बाकावर बसायचं आणि गाडी न पकडता परत यायचं. मग पुढच्या थांब्यापर्यंत. बायकांना अर्धंच तिकीट आहे, चार-सहा फेऱ्या वाया गेल्या तरी खिसा रिकामा होणार नाही. आणि धुळ्याच्या त्या स्टँडवर शेवटी एकदा जायचंच आहे, भावाच्या गाडीने त्याला वळसा घालून नाही. पण ते शेवटी.

आज संध्याकाळी सात वाजता ओट्यावर ये. पाट घेऊन बस, दगड तोवरही तापलेलाच असतो.